शिफारस आणि हाफ क्लच

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या व्हरांड्यातून चालायला लागल्या की वर्गातले पंखेसुद्धा हळू फिरतात, असं आमच्यात म्हणतात. अशा बाईंना गाडीच्या स्टिअरिंगमागे घामाघूम झालेलं पाहायचं भाग्य अख्ख्या शाळेत एकट्या माझ्या वाट्याला आलं, कारण माझी आई ड्रायव्हिंग स्कूल चालवते. बाबा खोलीत तक्ता टांगून रस्त्यावरच्या खुणा शिकवतात, आई रस्त्यावर गाडी शिकवते. थोडक्यात, बाबा समजावतात आणि आई ओरडते. ही विभागणी लग्नापासूनची आहे.

बाई शाळा सुटल्यावर मागच्या गल्लीत येऊन गाडीत बसायच्या, कुणी बघू नये म्हणून. मी मागच्या सीटवर, दप्तर मांडीवर घेऊन, कारण त्याच गाडीने मला घरी जायचं असायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी आरशातून माझ्याकडे बघून सांगितलं होतं, "इथलं इथेच राहील." मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर ते पोटात ठेवताना माझं पोट दुखायचं.

"अहो बाई, क्लच. क्लच. तो डावा पाय कुठे ठेवून आलात, स्टाफरूममध्ये?"

"माझा पाय क्लचवरच आहे," बाई करड्या आवाजात.

"मग गाडी अशी उचक्या का देतेय?"

"ते गाडीला विचारा."

"गाडी माझ्याशी नीट वागते. तुम्ही आलात की तिची कुणीतरी आठवण काढतं."

रोज हे असं. बाईंचं घोडं अडायचं ते उड्डाणपुलाच्या चढावर. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायची, तर क्लच अर्धाच सोडायचा, गाडी थरथरायला लागली की मग ब्रेक सोडायचा. याला हाफ क्लच म्हणतात. बाईंच्या स्वभावात अर्धं काहीच नाही. एक तर त्या क्लच पूर्ण दाबायच्या आणि गाडी मागे घसरायची, नाहीतर पूर्ण सोडायच्या आणि गाडी बंद पडायची. लायसन्सच्या परीक्षेत त्या याच चढावर नापास होऊन आल्या होत्या, तेही एकदा नाही.

आता माझी भानगड. मला परदेशातल्या विद्यापीठात शहरांचे रस्ते आणि वाहतूक कशी आखतात ते शिकायचं आहे. जन्मापासून शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर वाढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार? मार्क पाठवून झाले होते, निबंध लिहून झाला होता, इंग्रजीची परीक्षाही पार पडली होती. उरलं होतं एक शिफारसपत्र. ते मुख्याध्यापकांनीच लिहायचं, थेट तिकडे पाठवायचं आणि मी ते बघायचंही नाही. ते नाही पोचलं तर बाकीचा अर्ज कुणी उघडूनसुद्धा बघणार नव्हतं.

"म्हणजे घर भाड्याने देताना शेजाऱ्यांकडे चौकशी करतात, तसं," बाबा म्हणाले.

"आणि शेजारी कोण, तर मोठ्या बाई," आई म्हणाली. "बोंबला."

कारण मोठ्या बाई कौतुक करत नाहीत. त्यांच्या हातून आजवर सुटलेला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे 'समाधानकारक'. तो ज्या मुलीला मिळाला, तिच्या आईने शाळेत पेढे वाटले असं नाही, पण निदान स्वतः येऊन आभार मानले. माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी एकच शेरा असतो: बडबड आवरावी.

मी बाईंना पत्राचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवटची तारीख?"

"शुक्रवार, बाई."

"माझी परीक्षा गुरुवारी आहे. ती झाली की लिहीन. डोक्यात दोन गोष्टी ठेवायची मला सवय नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे बाई नापास होऊन येणार, आईचे सगळे टोमणे ताजे असणार आणि त्या भरात माझं पत्र लिहिणार. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आईला गाठलं.

"आई, शुक्रवारपर्यंत बाईंशी गोड बोल ना. प्लीज."

"मी गोडच बोलते."

बाबांना चहाचा ठसका लागला.

"काल तू त्यांना म्हणालीस, बाई, ही गाडी आहे, फळा नाही, पुसून परत लिहिता येत नाही."

"मग? खोटं आहे का?"

"आई, माझं अख्खं आयुष्य त्यांच्या हातात आहे."

"आयुष्य राहू दे, त्यांच्या हातात माझं स्टिअरिंग आहे," आई म्हणाली. पण माझं तोंड बघून कबूल झाली. "बरं. शुक्रवारपर्यंत. नंतर मी जबाबदार नाही."

सोमवारी आईने डोक्यावर बर्फ ठेवला. बाईंनी पहिल्याच वळणावर गाडी बंद पाडली.

"असू दे हं, बाई. होतं असं."

बाईंनी वळून आईकडे पाहिलं. मग गाडी चालू केली, गिअर टाकला, पुन्हा बंद.

"काही हरकत नाही. सावकाश."

मी मागे बसून आईच्या मानेकडे बघत होते. तिच्या मानेवरची शीर टरारून फुगली होती, पण आवाज असा, की जणू आजारी माणसाला मोसंबीचा रस पाजतेय. चढावर गाडी घसरायला लागली तेव्हा तिने आपल्या बाजूचा ब्रेक गुपचूप दाबला आणि म्हणाली, "छान. खूपच छान प्रयत्न." मागच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, झोप झाली का. एरवी आईने त्याचा उद्धारच केला असता. त्या दिवशी तिने त्याला हात केला आणि हसली. टेम्पोवालासुद्धा घाबरला.

बाई मात्र गप्प होत गेल्या. करडा आवाज गेला, उलट उत्तरं गेली. जो चढ त्या भांडत, चारदा गाडी बंद पाडत का होईना पण चढायच्या, तिथे आता त्या स्टिअरिंग धरून नुसत्या बसून राहिल्या. शेवटी आईनेच जागा बदलून गाडी वर नेली. सलग दोन दिवस हेच. मला वाटलं, किती छान शांतता आहे. मी इतकी खूश होते की निबंधात मुद्दे शोधावेत तशी पत्रात काय काय येईल याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते.

बुधवारी बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मी केस नीट करून गेले. वाटलं, पत्राबद्दलच असणार.

"बस," बाई म्हणाल्या. मोठ्या बाई बस म्हणत नाहीत, त्यामुळे मी उभीच राहिले. "तुझ्या आईची तब्येत बरी आहे ना?"

"हो, बाई."

"मग ठीक आहे." त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. "तिला सांग, आजपासून मी येत नाही. परीक्षेलाही जाणार नाही."

"का, बाई?"

"ती माझ्यावर ओरडत नाही आता." बाई खिडकीकडे बघून बोलत होत्या. "मीही इतकी वर्षं शिकवते आहे. एखाद्या मुलावर मी ओरडायचं कधी सोडते, ठाऊक आहे? त्याला जमणार नाही अशी माझी खात्री झाली की. तेव्हा मीही अशीच गोड बोलते. असू दे बाळा, म्हणते. तुझ्या आईने मला परवापासून किती वेळा असू दे म्हटलं, मोजलंस का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी निवृत्त झाले की बहिणीकडे स्वतः गाडी चालवत जायचं ठरवलं होतं. असो. तुझं पत्र मोकळ्या वेळात लिहीन आज. छान लिहीन."

छान लिहीन. हेच तर मला हवं होतं. आता फक्त 'थँक्यू बाई' म्हणायचं आणि दारातून बाहेर पडायचं. मी दारापर्यंत गेलेही. पण माझं तोंड माझ्या ताब्यात कधी नव्हतंच, शेऱ्यातच लिहिलंय तसं.

"बाई, आईने आशा सोडलेली नाही. मी तिला गोड बोलायला लावलं. तुमच्या पत्रासाठी."

बाईंनी चष्मा काढला. पंखा खरंच हळू झाल्यासारखा वाटला.

"म्हणजे तुझं पत्र गोड व्हावं म्हणून तू मला दोन दिवस चढावर लोळवलंस."

"हो, बाई. आई घरी येऊन उशीत तोंड घालून ओरडते. काल ती म्हणाली, या बाईंना डोकं आहे, पाय आहेत, फक्त दोघांची ओळख नाही. ओळख करून दिली की गाडी विमानासारखी जाईल."

"असं म्हणाली?"

"अगदी असंच."

बाईंनी चष्मा परत घातला. "पाच वाजता गाडी गल्लीत असू दे."

"आणि पत्र, बाई?"

"पत्राचं मी बघते," त्या म्हणाल्या आणि मला दाराकडे बोट दाखवलं.

आईला मी गाडीतच सांगितलं, की सूट आहे, बोल. दोन दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. चढावर ती इतकी ओरडली की फुटपाथवरचा माणूस थांबला.

"अर्धा, बाई, अर्धा. तुम्ही मुलांना अर्धा मार्क देता ना? तसा. जीव जातो तुमचा, पण देता. तसा सोडा."

"मी अर्धा मार्क देत नाही," बाई गरजल्या.

"माहीत आहे, माझ्याच मुलीचा कापलाय तुम्ही. आज द्या एकदा."

गाडी थरथरली. बाईंनी ब्रेक सोडला. आणि गाडी मागे न येता, तोऱ्यात, सरळ चढ चढून गेली. वर पोचल्यावर आईने रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "समाधानकारक."

बाई हसल्याचं मी आरशात पाहिलं. शपथेवर सांगते.

गुरुवारी त्या नापास झाल्या. चढ एका दमात पार केला, पण परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसून मोबाईल बघत होते. बाईंनी त्यांना तो खिशात ठेवायला लावला, पाठ ताठ करून बसायला लावलं, आणि हे सगळं सांगण्याच्या नादात लाल सिग्नल तोडला.

"संपलं," आई मला म्हणाली. "तू आता इथलंच कॉलेज बघ."

शुक्रवारी शाळा सुटली तरी मी ऑफिसबाहेर उभी होते. आतून हाक आली. बाई कॉम्प्युटरशी भांडत होत्या.

"पत्र लिहून झालंय. पण हे पुढे जात नाही. लाल अक्षरं दाखवतंय."

मी लांबूनच मान उंच केली. "बाई, तिथे चार चौकटी असतील. बाकीच्या मुलांच्या मानाने मी कशी आहे. त्यातली एक निवडल्याशिवाय ते घेत नाही."

"मी मुलांची तुलना करत नाही."

"तुम्ही दर परीक्षेला नंबर लावता, बाई."

बाईंनी वर पाहिलं. "हे बघ. हे असं. हेच तर लिहिलंय मी."

"काय लिहिलंय?"

"भिंतीकडे तोंड कर."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. समोर टांगलेलं वेळापत्रक माझं दोनदा वाचून झालं. बाईंचा उसासा ऐकू आला, मग खुर्चीची करकर, मग पुन्हा उसासा. बाईंनी चार चौकटींसाठी केला तितका विचार मी माझ्या अख्ख्या निबंधासाठी केला नव्हता. शेवटी एक क्लिक झालं. लगेच माझ्या खिशातला फोन थरथरला: शिफारसपत्र पोचलं, अर्ज पूर्ण.

"वळू का, बाई?"

"वळ. आणि कुठली चौकट ते विचारायचं नाही."

"नाही विचारत. फक्त वरून की खालून, तेवढं सांगा."

"बडबड आवर," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली. पुढच्या परीक्षेची तारीख त्यांनी सकाळीच घेतली होती, गाडीही गल्लीत आलीच असणार. दाराशी पोचल्यावर त्या थांबल्या. "तुला निघायचं असेल तोपर्यंत माझ्याकडे लायसन्स आलेलं असेल. विमानतळावर मी सोडेन तुला."

मी मनातल्या मनात तो सगळा रस्ता डोळ्यांसमोर आणला.

"बाई, त्या वाटेवर सात सिग्नल आहेत."

"मग?"

"मग आपण थोडं लवकर निघू."