फीत घसरली नव्हती

मी वाचनांचा ग्रंथ बोलतोय. बोलायची मला सवय आहे. गेली एकतीस वर्षं दर रविवारी चर्चच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, बोलत आलो. पण ते दुसऱ्यांच्या तोंडून आणि देवाबद्दल. स्वतःबद्दल आज पहिल्यांदाच बोलतोय, आणि जे सांगायचंय ते मान खाली घालूनच सांगावं लागणार आहे.

कॅनडातल्या न्यू ब्रुन्स्विकच्या किनाऱ्यावर शेवंडी, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, पकडणाऱ्यांचं आमचं गाव. मी इथल्या चर्चमध्ये आलो तेव्हा माझी लाल बांधणी कोरी करकरीत होती. पहिल्या दिवशी मला डोक्यावर उंच धरून वेदीपर्यंत नेलं, तेव्हा छाती फुगली होती माझी. माझ्या पोटात तीन वर्षांच्या रविवारांची बायबलमधली वाचनं आहेत. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे या गावानं प्रत्येक वाचन दहा-दहा वेळा ऐकलंय. ऐकलंय म्हणजे, त्या वेळी गाव बाकावर बसलेलं होतं. कोणी घड्याळ बघतो, कोणी पुढच्या बाईचा नवा कोट. वाचन झालं की सगळे एका सुरात “देवाला धन्यवाद” म्हणतात. ते वाचनाबद्दल की ते संपल्याबद्दल, हे मला आजवर कळलेलं नाही.

युलाली तेरियो ही माझी लाडकी वाचक. आपली वाचनाची पाळी असली की अर्धा तास आधी यायची, मागच्या खोलीत मला मांडीवर घ्यायची आणि ओठ हलवत वाचन घोकायची. तिच्या तोंडी मी शोभून दिसायचो. गर्वच होता मला तिचा.

तिला एक धाकटा भाऊ, ओनेझीम. हंगामात शेवंडीचे पिंजरे समुद्रात टाकायचा पहिला दिवस आमच्याकडे कोणी चुकवत नाही. एका वर्षी नेमकी त्याच दिवशी त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती. युलालीनं ओनेझीमच्या होडीवर निरोप धाडला. तो सगळे पिंजरे टाकून दुपारी आला, तोवर आई गेली होती. दफनाच्या दिवशी युलाली चर्चच्या पायरीवर, साऱ्या गावादेखत त्याला म्हणाली, “तुला आईपेक्षा शेवंडी मोठ्या!” तेव्हापासून बोलणं बंद. ओनेझीम मिस्सेला पलीकडच्या गावात जाऊ लागला.

अशी आठ वर्षं गेली. मग सप्टेंबरातल्या एका रविवारी, युलाली मला घेऊन बसली असताना, मेणबत्त्या लावणारी झेलिका धापा टाकत आत आली.

“अगं, तुझा भाऊ आलाय! तिसऱ्या बाकावर! दाढीबिढी करून, सूट घालून. कोणी मेलंय का गं?”

“मला काय ठाऊक? तू मेणबत्त्या लाव जा.”

युलालीची नजर माझ्या पानावर गेली. त्या दिवशीचं वाचन असं होतं, की जो माणूस दुसऱ्यावरचा राग मनात धरून बसतो, तो देवाकडे कुठल्या तोंडानं क्षमा मागणार? हेच तिला भावासमोर उभं राहून वाचायचं होतं.

तिनं माझी पानखुणेची लाल फीत दोन बोटांत धरली आणि पुढच्या रविवारच्या वाचनावर नेऊन ठेवली.

मला ओरडावंसं वाटलं. पण ग्रंथ उघडावा तिथे उघडतो. मिस्सेत मी उघडलो, आणि युलालीनं खणखणीत आवाजात वाचलं: प्रभू सापडेल तोवर त्याला शोधा, जवळ आहे तोवर त्याला हाक मारा. भाऊ दहा पावलांवर बसलेला, आणि ही बाई हे वाचतेय! ओनेझीमच्या हातात बाकावरची छोटी पुस्तिका होती. तिच्यात त्या दिवशीचं खरं वाचन छापलेलं होतं. त्यानं युलालीकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“देवाला धन्यवाद,” सगळे म्हणाले. तो म्हणाला नाही. स्तोत्र संपायच्या आत उठून निघून गेला.

मागाहून फादरांनी हळूच विचारलं, “युलाली, फीत घसरली होती वाटतं?”

“हो ना फादर. ग्रंथ जुना झालाय आता.”

खापर माझ्यावर फुटलं. त्याचं मला एवढं वाटलं नाही. पुढच्या रविवारी तेच वाचन पुन्हा झालं आणि एकाही माणसाच्या ध्यानात आलं नाही, तेव्हा मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं मी करत काय होतो?

या वसंतात ओनेझीमला अर्धांगाचा झटका आला. त्याला शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवलं. सप्टेंबरात, तीन वर्षांनी, तोच रविवार फिरून आला. युलालीनं ती पाळी मागून घेतली. या वेळी फीत जागच्या जागी होती. पण तिसऱ्या बाकावर कोणी नव्हतं. वाचताना ती दोनदा अडखळली. मिस्सा आटोपताच फादरांना विचारून तिनं मला कोटाखाली घेतलं आणि गाडी काढली.

ओनेझीम चाकांच्या खुर्चीत होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. ती समोर बसली, मला उघडलं आणि ते वाचन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

“पान... बरोबर काढलंस आज,” तो म्हणाला.

“तेव्हा फीत घसरली नव्हती रे. मी हलवली होती.”

“ठाऊक आहे. त्या ओळीवर बोट होतं माझं. पाळ्यांची यादी बघूनच आलो होतो. तुझ्या तोंडून ऐकायला.” मग बराच वेळ दम घेऊन म्हणाला, “ताई, मीही त्या दिवशी होडी वळवू शकलो असतो.”

युलालीनं माझ्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. माझी दोन पानं भिजली, ती अजून फुगलेली आहेत.

“आता ते दुसरं वाच,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी पुरतं ऐकलं नाही.”

तिनं पानं उलटली आणि वाचलं: जवळ आहे तोवर त्याला हाक मारा.

आता नवा ग्रंथ आला आहे. आमच्यासारख्या पवित्र ग्रंथांना कचऱ्यात टाकत नाहीत. चर्चमागच्या बागेत मला मातीत पुरतील. झेलिकानं जागाही बघून ठेवली आहे. जाताना एवढंच मागतो: नव्यालाही तुम्ही “देवाला धन्यवाद” म्हणालच. म्हणण्याआधी एकदा तिसऱ्या बाकावर कोण बसलंय ते बघा. मला ते सगळं दिसत होतं, आणि माझ्यानं हाक मारवली नाही.