मागच्या सीटवरची मुलगी

डॉक्टर पद्माकर सबनीसांनी मँचेस्टरच्या हॉस्पिटलांत इतकी वर्षं घासली ती कशासाठी? तर दारात चार दारांची गाडी उभी राहावी म्हणून. पुण्यात असताना त्यांचा सगळा संसार एका स्कूटरवर चालायचा. भाजी, रॉकेलचा डबा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बायको वैजयंती, सगळं तिच्यावरच. आणि आता त्यांचे चिरंजीव उदय, अठरा वर्षांचा घोडा, शनिवारी बुटांच्या दुकानात राबून पैसे साठवतात आणि घेऊन काय येतात? जुनी स्कूटर!

"आपण जिथून निघालो तिथेच निघालाय हा परत," डॉक्टर म्हणाले. "आणि पुढे इतके आरसे कशाला रे? सलून काढायचंय?"

"बाबा, दॅट्स मॉड. तुम्हाला नाही कळणार."

मॉड म्हणजे काय ते वैजयंतीबाईंनाही धड कळलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी इथली पोरं तसले कपडे घालून नाचायची म्हणे, आणि आता उदय आणि त्याचे मित्र ते सगळं पुन्हा उकरून काढत होते. बारीक टाय, घोट्याच्या वर संपणारी पँट, कडक इस्त्रीचा सूट आणि त्यावर गुडघ्यापर्यंत लोंबणारा हिरवट लष्करी कोट, त्याचं नाव पार्का. "आत नवरदेव आणि वर पोतं," असं त्या म्हणायच्या, पण पोत्याची बटणं मात्र न सांगता लावून द्यायच्या.

डॉक्टरांनी शेवटी स्कूटर ठेवू दिली ती एका अटीवर. मागच्या सीटवर ज्या दिवशी पोरगी दिसेल, त्याच आठवड्यात स्कूटर विकायची. त्यात बदल नाही, चर्चा नाही. डॉक्टर भूल देणारे होते, समोरच्याने उलट बोलायची त्यांना सवयच नव्हती.

मग शहरात सिनेमावाले आले. मॉड पोरांवरचा काहीतरी हलकाफुलका इंग्रजी विनोदी सिनेमा होता. ब्रेडच्या कारखान्यातला एक पोरगा मुलीवर छाप पाडण्यासाठी स्कूटर शर्यतीत उतरतो आणि तोंडावर आपटतो, असली काहीतरी गोष्ट. त्यांना गर्दीसाठी खऱ्या स्कूटरवाली खरी पोरं हवी होती. उदयची निवड झाली. दोन रात्री तो झोपला नाही, आणि चित्रीकरणाच्या सकाळी निघाला तो जेवणाचा डबा विसरून.

आता पोरगा सिनेमात जाईना का कुठेही, उपाशी कसा ठेवायचा? वैजयंतीबाई पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन बसने तिथे पोचल्या, तर उदय कोपऱ्यात रडवेला होऊन उभा.

"आई, माझ्या मागे बसायला ट्रेसी येणार होता, नाही आला. प्रत्येक स्कूटरवर एक कपल पाहिजे. नाहीतर गो होम, म्हणतात."

"ट्रेसी आली नाही," बाईंनी सवयीने सुधारलं, आणि मग पोराच्या तोंडाकडे पाहिलं. इतका पडलेला चेहरा त्यांनी तो दहावीला... छे, इथे दहावी कुठली, पण समजून घ्या. सिनेमावाल्यांची भोंगा घेतलेली एक बाई रांगेतली माणसं मोजत येत होती. तिने उदयकडे पाहिलं, मग डबा धरलेल्या वैजयंतीबाईंकडे पाहिलं. अंगकाठी लहान, चणही बेताची. पार्काची टोपी पुढे ओढली तर कोण ओळखतंय? शिवाय शेवटची स्कूटर, ती कॅमेऱ्यात येणारच नाही.

"चालेल का हो तुम्हाला?" तिने इंग्रजीत विचारलं.

नाही म्हणायला बाईंनी तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. पण "यस" बाहेर पडलं. पाच मिनिटांत साडीच्या जागी काळी विजार आली, अंगावर पार्का आला आणि वैजयंती सबनीस, इथल्या मराठी मंडळाच्या बालवर्गाच्या संचालिका, दोन्हीकडे पाय टाकून स्कूटरवर बसल्या. "कुणाला सांगितलंस तर बघ," त्यांनी उदयच्या कानात दम भरला. "आईशप्पथ," उदय म्हणाला.

आणि स्कूटर सुटली. वारा टोपीत शिरला, रस्ता त्यांच्यासाठी बंद केलेला, दोन्ही बाजूंना माणसं ओरडतायत. बाईंनी पोराला घट्ट मिठी मारली आणि त्या खदाखदा हसायला लागल्या. दिग्दर्शकाने पुन्हा घ्या म्हटलं, की त्यांना मनातून बरंच वाटायचं. मग ऊन फिरलं, सावल्या चुकीच्या पडायला लागल्या, तेव्हा त्याने अख्खी रांग उलटी फिरवली. शेवटची स्कूटर सगळ्यांत पुढे आली. त्याचं काय होणार, हा विचार बाईंच्या डोक्यात आला नाही. त्या मजेत होत्या.

काय होणार ते मंडळाच्या दिवाळीला समजलं. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, चिवडा वाटून झालेला, आणि सेक्रेटरी गिरीशने घोषणा केली, "आपला उदय इंग्रजी सिनेमात! कॅसेट मिळाली आहे!" टीव्ही ढकलत आणला, सगळे खुर्च्या ओढून बसले. वैजयंतीबाई पहिल्या रांगेत, कांजीवरम नेसून, निर्धास्त.

पडद्यावर स्कूटरींची रांग वळली आणि सगळ्यांत पुढे उदय. टाळ्या पडल्या. मग टाळ्या थांबल्या, कारण उदयच्या पाठीला कुणीतरी चिकटलं होतं. टोपीखालून फक्त हनुवटी दिसत होती आणि हसणं.

"थांबव रे, मागे घे," शशी कर्णिक म्हणाली. तिचा आवाज गोड होता, आणि तिचा आवाज गोड झाला की वैजयंतीबाईंना घाम फुटायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शशीच्या मुलीने, रश्मीने, केस जांभळे करून घेतले म्हणून बाईंनी संस्कारांवर भर सभेत पाऊण तास भाषण ठोकलं होतं. शशी तेव्हापासून वाट बघत होती.

गिरीशने कॅसेट मागे घेतली. पुन्हा मिठी. पुन्हा मागे.

"कोण ही?" डॉक्टर उठून उभे राहिले.

"कोणी नाही, बाबा."

"कोणी नाही? मग भूत आहे का ते? शनिवारी स्कूटर विकायची. संपला विषय."

उदय खाली मान घालून गप्प बसला. त्याने एकदाही आईकडे पाहिलं नाही. पोरगा शपथ पाळत होता. एका बाजूला पोराची जीव की प्राण स्कूटर, दुसऱ्या बाजूला शशीची बत्तिशी. उद्यापासून कुठल्या तोंडाने त्या मुलांना शुभंकरोती शिकवणार होत्या? त्या उठल्या.

"ती मी आहे."

आणि हॉल जो हसला! गिरीशला तर चिवड्याचा ठसका लागला.

"वैजयंतीताई," शशी डोळे पुसत म्हणाली, "आईची माया कळते हो, पण निदान पटेल असं तरी सांगा."

"वैजू, खाली बस," डॉक्टर म्हणाले. "त्याच्यासाठी खोटं बोलू नकोस."

आता मात्र बाईंचं डोकं सणकलं. जन्मभर शहाण्यासारखं वागल्याचं हे फळ! खोटं बोलल्या असत्या तर सगळ्यांनी मान डोलावली असती, आणि खरं सांगितलं तर ठसका लागतो? त्या तरातरा विंगेत गेल्या. मुलांच्या नाचाच्या कपड्यांत एक काळी विजार होती, ती चढवली. उदयचा पार्का ओढून घेतला. "मावशी, टोपी आणखी पुढे घ्या," रश्मी म्हणाली आणि तिने स्वतः ती ओढून दिली. तिचे केस आता हिरवे होते.

टीव्हीवर चित्र थिजलेलं होतं आणि त्याच्या शेजारून तीच मुलगी चालत बाहेर आली. तिने घडी केलेली कांजीवरम डॉक्टरांच्या हातात ठेवली.

"उदय, चल."

शाळेच्या आवारात स्कूटर सुरू झाली. अख्खं मंडळ दारात. दुसऱ्या फेरीला वैजयंतीबाई ओरडल्या, "अरे जोरात! गाय हाकतोयस का?" आणि तेच हसू सुटलं, हनुवटी वर करून. मग शंका घ्यायला जागाच उरली नाही.

स्कूटर दारापाशी थांबली. डॉक्टर साडी छातीशी धरून पुढे आले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, हरवल्यासारखा होता.

"का केलंस हे?"

"सुरुवातीला पोरासाठी," बाई म्हणाल्या. सगळे ऐकत होते, तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही. "नंतर माझ्यासाठी. मला मजा आली हो. इथे आल्यापासून इतकी मजा कधी आली नव्हती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, सर्दी होईल."

डॉक्टर खरंच तेच म्हणाले असते.

"स्कूटर विकायची ठरलंय," ते म्हणाले.

"कोणाला?"

"तुला. उदय, उतर. मला चालवू दे, तुझी आई मागे बसेल."

त्यांनी हँडलकडे हात नेला, तर मध्ये शशी कर्णिक. तिने पदर कमरेला खोचला होता, कुणाचा तरी कोट अंगावर चढवला होता, आणि तिच्या मागे मंडळाच्या बायका एकीमागे एक येऊन उभ्या राहत होत्या.

"डॉक्टर," शशी म्हणाली, "रांग आहे."

डॉक्टरांनी वैजयंतीबाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. मग डॉक्टर पद्माकर सबनीस सहा वार कांजीवरम सांभाळत मुकाट्याने मागे गेले आणि हिरव्या केसांच्या रश्मीच्या पाठीमागे नंबर लावून उभे राहिले.