हात वर करा

रोज सकाळी सिस्टर पुरुषांच्या वॉर्डच्या दारात उभी राहायची आणि खणखणीत आवाजात फर्मान सोडायची, "ज्यांचं पोट साफ झालं, त्यांनी हात वर करा!" अख्खा वॉर्ड एका दमात उरकायचा. स्वतःच्या या युक्तीवर ती बेहद्द खूश होती.

हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या मास्तरांचा हात सगळ्यांत आधी वर जायचा. त्यांना घरी जायची घाई होती. बायको घरी एकटी, तिला धड दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागला होता. आणि पोट साफ झाल्याशिवाय सोडणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सोडायच्या दिवशी मात्र मास्तरांनी नाश्त्याला हातही लावला नाही. सिस्टरने पोट चाचपलं. दगड!

"मास्तर, खरं सांगा. शेवटचं कधी झालं?"

मास्तर छताकडे बघत पुटपुटले, "ऑपरेशनच्या आधी."

"अहो, मग रोज हात कसला वर करत होता?"

मास्तरांनी शेजारच्या खाटेकडे डोळ्यांनी खुणावलं. तिथे प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून एक पेंटर पेपर वाचत होता. "माझा विद्यार्थी आहे तो. त्याच्यादेखत काय सांगू?"

सिस्टरला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. चारचौघांत असं विचारल्यावर कोण खरं बोलणार? नुसते हात बघत बसलो, पोटाला हात लावायचं सुचलं नाही आपल्याला.

मग ती कामाला लागली. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांनीच पोट धरून ठेवलंय, हे डॉक्टरांना सांगून तिने औषध लिहून घेतलं. खाटेखालचं शौचाचं भांडं तिथून हलवलं. मास्तरांना कोमट पाणी पाजलं, धरून व्हरांड्यात फिरवलं आणि दुपारी कळ येताच वॉर्डच्या कोपऱ्यातल्या संडासात नेऊन बसवलं. पायाखाली बुटकं स्टूल, टाक्यांवर धरायला उशी.

"कुंथायचं नाही, टाक्यांवर ताण येतो. घाई कुणालाच नाही."

तिने बाहेरचा नळ मोठा सोडला, म्हणजे आतलं काही ऐकू जायला नको, आणि दाराशी पहारा देत उभी राहिली.

पेंटर खाटेवरून हसला. "सिस्टर, सरांच्या तासाला आम्ही हात वर करून करून थकायचो. एकदाही सोडलं नाही त्यांनी. एकदा तर माझी चड्डीच..." त्याने पेपर तोंडासमोर धरला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मास्तरांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. नळ मात्र मघाशीच बंद पडला होता, टाकीतलं पाणी संपलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी सुट्टी मिळाली. मास्तर पिशवी घेऊन निघाले, तसा पेंटरने खोडसाळपणे हात वर केला. "सर, जाऊन येऊ?"

वॉर्ड खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. खाटेपाशी जाऊन त्यांनी तो वर केलेला हात धरला आणि हळूच खाली आणला.

"जा, बाळा," ते म्हणाले. "तेव्हाच सोडायला हवं होतं रे तुला."