रिकामी व्हायची राहिलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, आणि जुनी झाले हेच माझं दुःख. गोळ्यांची बाटली जुनी होता कामा नये, ती वेळेवर रिकामी व्हावी! कारखान्यात माझ्या पोटात थायरॉईडच्या शंभर गोळ्या भरल्या, तेव्हा वाटलं होतं, तीन महिन्यांत आपलं सार्थक होणार.

दादरला ललिताबाईंच्या स्वयंपाकघरात मला फळी मिळाली. आठ दिवस कौतुक झालं. गोळी अनशापोटी, चहा अर्ध्या तासानं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण त्या घरी सहाच्या ठोक्याला दोन कप एकदम भरतात. ललिताबाई समोर बसल्याशिवाय त्यांचे यजमान वसंतराव घोटही घेत नाहीत. चाळीस वर्षांचा नेम तो! त्यांना ताटकळत कसं ठेवायचं? मी फळीवर मागे मागे सरकत गेले. रक्त तपासायचं आलं की तेवढे चार दिवस गोळ्या घ्यायच्या, परीक्षेच्या तोंडावर पुस्तक उघडावं तसं.

आठ महिने गेले. बाईंचे पाय सुजले, चेहरा फुगला. अहो, मला उघडा हो, म्हणून मी आतल्या आत आक्रोश करत होते. ऐकतंय कोण?

परवा लघवीच्या तपासणीत प्रथिनं सापडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉईड फार दिवस कमी राहिलं की मूत्रपिंडालाही त्रास होऊ शकतो. ही सुरुवात आहे, आत्ता आवरलं तर सावरेलही. मग त्यांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"रोज," बाई म्हणाल्या.

आता जास्त जोराची गोळी द्यायला डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. चालू औषधं दाखवायला आणायची म्हणून मी बाईंच्या पर्समध्ये होते, जीव नुसता कासावीस झाला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या वसंतरावांनी चष्म्यासाठी पर्स ओढली आणि मी जिवाच्या आकांतानं खुळखुळले. त्यांनी मला बाहेर काढलं. आत चौऱ्याहत्तर गोळ्या! बाईंनी मान खाली घालून चहाचं सगळं सांगितलं.

वसंतरावांनी मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "अगं, अर्धा तास थांबलो नसतो का मी?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. पुढच्या तपासणीत काय निघेल, देव जाणे. मला धीर धरवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या फळीवर माझी एखादी बहीण असेल. तिला हलवून बघा. रिकामी व्हायच्या दिवसांत ती खुळखुळली, तर आईला रागावू नका. सकाळी तिच्याबरोबर अर्धा तास बिनचहाचे बसा.