वरचा पीळ

आमचे हे कारखान्यात फिटर. नट आवळून झाला की वर आणखी एक पीळ द्यायचा, ही यांची जन्माची खोड. घरातला नळसुद्धा असा बंद करतात की उघडताना मला दोन्ही हात लावावे लागतात.

लेकीचा पाय अपघातात आखूड झाला होता. डॉक्टरांनी हाड कापून पायाभोवती लोखंडी कड्या बसवल्या. म्हणाले, "रोज पान्याने नट जरासा फिरवायचा. टोकं लांब सरकतात, आणि त्या ताणानंच मधे नवं हाड धरतं. नसा, कातडीही वाढतात. पण आपल्या चालीनं. घाई केलीत तर काही खरं नाही."

पाना साहजिकच यांच्या हाती आला. पोरीला एकच हवं होतं, न लंगडता चालायचं.

हे सांगितलं तेवढं फिरवायचे आणि वर एक पीळ द्यायचे. रोज. "कच्चं काम नको," म्हणे. पावलात अशी कळ जायची की पोर उशी चावायची.

"अहो, पाय आहे तो पोरीचा, मशीन नाही!" मी ओरडायचे.

"हाड वाढतंय, दुखणारच."

यांच्यापुढे बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

मग एक दिवस कळ थांबली. यांना कोण आनंद! "हाड धरलं," म्हणून शेजारीपाजारी सांगून आले.

तपासणीत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन टोकांच्या मधे काहीच नव्हतं.

"किती फिरवत होतात?"

यांनी वरच्या पिळासकट सांगितलं, तेही छाती फुगवून. डॉक्टरांनी पोरीला डोळे मिटायला लावले आणि पावलावर सुई टोचली. रक्ताचा थेंब आला.

"टोचा ना डॉक्टर," पोर म्हणाली, "मी तयार आहे."

मी पदरानं तो थेंब टिपून घेतला.

"हाडाचं पुन्हा बघता येईल," डॉक्टर म्हणाले, "पण नस ताणून गेली. पाऊल आता उचललं जाईलसं वाटत नाही. नट रोज थोडा उलटा फिरवा."

संध्याकाळी पोरीनं आपणहून पाय पुढे केला. "फिरवा, बाबा. पावलात आता काही होत नाही. घाबरू नका."

यांनी पाना नटाला लावला. हात हलेना. पोर यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी पाना काढून घेतला आणि मीच फिरवला.