गोपिकेचं रक्त जुळेना

मित्रांनो, नागपूरच्या एका जुन्या दवाखान्यात, रक्तपेढीच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर चिनीमातीची एक पांढरी फरशी पडली आहे. ती मी. न्हाणीघरातली नव्हे हं! माझ्या अंगावर ओळीनं खळगे आहेत आणि त्या खळग्यांत माणसांचे रक्तगट ठरायचे. मला त्याचा भारी तोरा होता.

काम दिसायला सोपं. खळग्यात रक्ताचा थेंब, त्यावर तपासणीच्या औषधाचा थेंब, मग मला हातात धरून हलकेच डोलवायचं. थेंब एकसारखा राहिला तर ठीक. रवाळ गुठळ्या झाल्या तर रक्ताला कुणी तरी परकं भेटलं. आमच्या डॉक्टर सुमतीबाई नव्या मुलींना सांगायच्या, "तांबड्या पेशीच्या अंगावर साखरेची नक्षी असते. चहातली साखर नव्हे बरं का! ए गटाची एक, बी गटाची दुसरी. ओ गटाची नुसती मूळ साखर, ती बहुतेक सगळ्यांकडे असतेच. शरीराचे पहारेकरी या साखरेवरून आपलं-परकं ओळखतात. अनोळखी साखर दिसली की तुटून पडतात."

एकाहत्तरच्या लढाईत जवानांसाठी रक्त द्यायला रांगा लागल्या, तेव्हा मला उसंत नव्हती. फरशी कधी खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणायचे. मी अशी फुलून जायचे!

नंतर एका उन्हाळ्यात गोपिका आली. विणकरांच्या घरातली. तिला मुलगी झाली, बाळ चांगलं होतं, पण आईचं रक्त थांबेना. तिचा थेंब माझ्यावर आला. ए नाही, बी नाही, म्हणजे ओ. लगेच ओ गटाची बाटली काढली. बाटलीतला एक थेंब आणि गोपिकेच्या रक्तातलं पिवळसर पाणी एकत्र केलं, तर गुठळ्याच गुठळ्या!

"फरशी कुणी धुतली ही?" सुमतीबाई ओरडल्या. अहो, मी लख्ख होते! मला खसाखसा घासलं. दुसरी बाटली आली. गुठळ्या. तिचा नवरा शालिकराम बाही सरकवून उभा होता. त्याचंही जुळेना.

मग सुमतीबाईंच्या एकदम ध्यानात आलं. मूळ साखरच अंगात नाही अशी फार थोडी माणसं असतात. ती पहिल्यांदा मुंबईत सापडली, म्हणून त्या गटाला मुंबई गट म्हणतात. त्यांच्या पहारेकऱ्यांना ओ गटाचं रक्तही वैरीच वाटतं. असं रक्त जवळपास मिळालंच, तर सख्ख्या भावाबहिणीकडे मिळण्याची आशा.

दाराशी गोपिकेचे वडील बापूजी बसले होते. सुमतीबाईंनी त्यांना विचारलं, "हिला भाऊ-बहीण कोणी आहे?"

"नाही जी. एकटीच आहे माही पोरगी."

"नीट आठवा. सख्खं कोणीच नाही?"

"कोणीच नाही जी."

मुंबईला फोन लागता लागता दुपार गेली. रक्त विमानानं यायचं ठरलं. ते यायच्या आधीच, दिवेलागणीला, गोपिका गेली. तिच्या रक्ताची नळी माझ्याशेजारी तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण धावत आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"मी अनंत. गोपिकेचा भाऊ."

"भाऊ? सख्खा?" सुमतीबाई खुर्चीवरून उठल्याच.

त्याच्या मागून बापूजी आले. "लहानपणीच दत्तक देल्ला जी याले, कामठीच्या माह्या चुलतभावाले. हातावर पाणी सोडलं. देल्लेलं लेकरू मंग आपलं म्हणत नसतात." खोटं बोललो असं त्यांना वाटतच नव्हतं. दत्तक देताना दिलेला शब्द त्यांनी पाळला होता.

सुमतीबाईंनी अनंतच्या बोटाला सुई टोचली. त्याचा थेंब माझ्या खळग्यात पडला. त्यात गोपिकेच्या नळीतलं पाणी. बाई मला हलकेच डोलवू लागल्या. आणि मी, गुठळ्यांना भिणारी मी, मनात आक्रोश करत होते. होऊ दे रे देवा गुठळ्या! एवढ्या एकदाच होऊ दे!

झाल्या नाहीत. गेलेल्या बहिणीनं भावाचं रक्त ओळखलं. थेंब शांत, एकसारखा पसरून राहिला.

पुढे रक्तगट काचेच्या नळ्यांतच तपासू लागले आणि मला इथे ढकललं. किती वेळा धुतली मला, पण तो थेंब काही जात नाही. अंधारात तो माझ्या खळग्यात हळूहळू डोलत असतो. कपाटाचं दार वाजलं की वाटतं, अनंत आला. मला भीती वाटते हो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण दवाखान्यात कोणी रक्ताचं नातं विचारलं, तर दत्तक गेलेला, भांडून गेलेला, ज्याचं नाव घरात कोणी घेत नाही तो, सगळ्यांची नावं सांगा. दत्तक गेल्यापासून अनंत आपल्या बापाला काकाजी म्हणत असे. त्या सकाळी माझ्यावरच्या थेंबाकडे बघत तो एवढंच म्हणाला, "काकाजी, कामठी काय दूर होती जी? मले काहून नाही बोलावलं?"