सरांची हाक

सरांनी आगगाडीतल्या पहिल्या मुलाच्या खांद्यावरचा हात उचलून खाली टाकला. मग दुसऱ्याचा. तिसऱ्यापर्यंत पोचायच्या आत बाकीच्यांनी आपापले हात स्वतःच काढून घेतले.

"एकेकटे चला," सर म्हणाले. "हरलेल्यांची कसली आलीये आगगाडी."

आगगाडी ही त्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची गेल्या वर्षापासूनची रीत. सामना संपला की सगळी मुलं एका ओळीत उभी राहायची, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि अशी ती माळ मैदान ओलांडून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत जायची. पुढे कॅप्टन, त्याच्या पाठीला चिकटून गोलकीपर, मागे बाकीचे. सरांना तिचं भारी कौतुक. स्टाफरूममध्ये कुणी टीमचा विषय काढला की ते म्हणायचे, खेळ राहू द्या, पोरांची एकी बघा. त्यावर केमिस्ट्रीच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या की एकी आहे हो, हरतातही सगळे मिळून. सर हसले होते, पण ते त्यांना लागलं होतं.

लागणारच. टीम वाईट असती तर एक वेळ चाललं असतं. पाच-पाच गोल खाणाऱ्या टीमला कुणी नावं ठेवत नाही, सोडून देतं. यांचं तसं नव्हतं. सामनाभर बरोबरीत, कधी एका गोलने पुढेसुद्धा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत हातातोंडाशी आलेला घास जायचा. दर वेळी एकच गोल. दर वेळी तसाच. सरांनी आधी दम कमी पडतो म्हणून मुलांना पळवलं. मग मन कच्चं आहे म्हणून भाषणं दिली. दोन्हींनी काडीचा फरक पडला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की शेवटी शेवटी ही पोरं फार ओरडतात. सामनाभर गप्प असतात आणि ऊन उतरलं की सगळ्यांच्या तोंडाला चाकं लागतात. डावा, उजवा, खाली, पुढे ये, मागे हो, नुसता बाजार. आणि आरडाओरडा सुरू झाला तेव्हापासूनच हरणं सुरू झालं, हेही त्यांना आठवलं. झालं, रोग सापडला. आजच्या सामन्याआधी त्यांनी बजावलं होतं की मैदानात ज्याच्या तोंडातून शब्द निघेल तो बाहेर बसेल.

मुलं गप्प राहिली. आणि टीम हरली, या वेळी दोन गोलांनी.

आता मुलं एकेक करून खोलीकडे निघाली होती. सर कोपऱ्यांतले झेंडे गोळा करायला लागले. दिवस कलला होता, पण उजेड गेला नव्हता, समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता आल्या असत्या. दुसरा झेंडा उपटून मान वर केली तर गोलकीपर अजून गोलपाशीच, आगगाडी मोडली तिथे उभा.

त्याला सगळे मुनी म्हणायचे. उंच, हडकुळा, दहा प्रश्नांना एक उत्तर देणारा. रुसलाय, सरांना वाटलं. बसू दे रुसून. मग मुनी चालायला लागला, पण खोलीकडे नाही. भलतीकडेच, रोलर ठेवला होता त्या बाजूला. चार पावलं नीट टाकली, मग पाय घासत, एक हात पोटाजवळून थोडा पुढे काढून. रोलरवर त्याची नडगी आपटली. तो ओरडला नाही. वाकून त्याने लोखंडावरून हात फिरवला, ही वस्तू काय आहे ते समजून घ्यावं तसा, आणि मग तिथेच उभा राहिला.

सरांच्या हातातले झेंडे हातातच राहिले.

"मुनी," त्यांनी हाक मारली.

सरांचा आवाज म्हणजे भोंगा. मुनीने ताबडतोब तोंड वळवलं आणि त्या आवाजावर सरळ चालत आला, इतका सरळ की मधे विहीर असती तर विहिरीत गेला असता. नव्या मुलांना सर पहिल्या दिवशी एकच नियम शिकवायचे. मी हाक मारली की हातातलं सगळं सोडून आधी माझ्याकडे बघायचं. मुनी आत्ताही बघत होता. फक्त त्याची नजर सरांच्या कपाळाच्या जरा वर कुठेतरी होती.

तेवढ्यात कॅप्टन खोलीकडून धावत आला. या कॅप्टनला वकील म्हणायचे, कारण तो रेफरीशीही वाद घालायचा आणि मेसवाल्याशीही. त्याने मुनीचा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला, आणि मग सगळं सांगितलं.

मुनीचे डोळे जात होते. डॉक्टर म्हणाले होते की यावर औषध नाही. आधी संध्याकाळ जाईल, मग हळूहळू दिवस. भर उन्हात तो अजून सगळ्यांत चांगला कीपर होता, पण ऊन उतरलं की त्याला बॉल दिसायचा नाही, मग गोलचा खांबही दिसायचा नाही. म्हणून शेवटी एकटा वकील त्याला सांगायचा, डावा, उजवा, खाली. बाकीचे ओरडायचे ते समोरच्या टीमला वकिलाचं सांगणं कळू नये म्हणून. आणि सगळे मागे येऊन गोलला चिकटायचे, मधलं मैदान ओस पडायचं, समोरचे पुन्हा पुन्हा चढून यायचे. दहा फटके अडवले तरी अकरावा जायचाच.

म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्या आरडाओरड्याने टीम एका गोलवर तगून होती तोच सरांनी बंद केला होता. आणि आगगाडी? तिच्याबद्दल विचारायची गरजच उरली नव्हती. सर मान खाली घालून झेंड्यांच्या काठ्या सारख्या करत राहिले.

"मला का नाही सांगितलंत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर याला खेळवलं असतंत?" वकील म्हणाला.

टीममध्ये आहे म्हणून मुनीला वसतिगृहात जागा होती, आणि जागा होती म्हणून कॉलेज होतं. घरी भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि एक खोली. डोळे पुरते जायच्या आत पदवी हातात पडावी एवढाच त्याचा हट्ट होता. अजून एक वर्ष राहिलं होतं. आणि प्राचार्यांनी सरांना आधीच बोलावून सांगितलं होतं की शेवटच्या सामन्यातही हरलात तर पुढच्या वर्षी टीम नाही आणि खेळाडूंच्या जागाही नाहीत. बरोबरी झाली तरी चालणार होतं.

सरांनी जे सुचलं ते केलं. वकिलाला गोलमध्ये उभं करून पाहिलं. त्याच्या हातात बॉल म्हणजे ओला साबण. दुसरा कीपर नव्हता, मोजून तेरा पोरं, त्यांतलं एक लंगडत होतं. मग ते स्पर्धेच्या कार्यालयात गेले आणि सामना दुपारी लवकर ठेवा म्हणाले. तिथल्या माणसाने चष्म्यावरून बघत विचारलं की कारण काय. खरं कारण सांगितलं तर मुनी त्याच दिवशी बाद. सर म्हणाले, मुलांचे तास असतात. तो माणूस म्हणाला, तास असतात म्हणूनच तर संध्याकाळी ठेवलाय. सर पायऱ्या उतरून आले आणि किती तरी वेळ सायकलीचं कुलूप उघडत राहिले.

वकिलाने एकच गोष्ट मागितली. सामन्यात शेवटी तुम्ही बोलू नका सर, म्हणाला, तुमच्या आवाजापुढे माझा पोचत नाही. सरांनी शब्द दिला. घरी बायकोला सांगितलं तर ती आधी हसलीच. तुम्ही मीठ मागता ते शेजारीण आणून देते, म्हणाली, तुम्ही कसले गप्प बसताय. मग त्यांचा चेहरा बघून तिने डब्यातल्या पेपरमिंटच्या गोळ्या त्यांच्या खिशात भरल्या. बोलावंसं वाटलं की एक तोंडात टाका.

सामना रंगला. उन्हात मुनीने असे दोन फटके अडवले की समोरच्यांच्या बाकावरचे लोकही टाळ्या वाजवत उठले. हाफटाइमनंतर एक-एक झालं. प्राचार्य खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. मग सावल्या लांब झाल्या, मुलं मागे सरकली आणि तो बाजार सुरू झाला. या वेळी सरांना त्यातला वकिलाचा एकटा आवाज ऐकू येत होता. डावा, खाली. मुनी डावीकडे झेपावला, बॉल बाहेर. पुढे ये. मुनी पुढे आला, बॉल छातीशी. सर बाकावर स्वतःच्या हातांवर बसले होते आणि तोंडात एकामागून एक गोळ्या टाकत होते. जमतंय, त्यांना वाटलं. देवा, जमतंय.

शेवटी शेवटी समोरच्यांना कॉर्नर मिळाला. बॉल गर्दीत पडला, कुणाच्या तरी पायाला लागून उडाला आणि एका मोकळ्या पोरासमोर आला. सर बाजूला होते म्हणून त्यांना ते सगळ्यांच्या आधी दिसलं. त्या पोराने पाय मागे घेतला. तोंडातली गोळी कधी गिळली ते सरांना कळलं नाही, आपण उभे कधी राहिलो तेही कळलं नाही.

"मुनी!"

वकील त्याच वेळी उजवा म्हणाला होता. मुनीने हातातलं सगळं सोडून आधी सरांकडे तोंड वळवलं. बॉल त्याच्या उजव्या कानाजवळून गेला.

शिट्टी झाली तेव्हा वकील गवतात पालथा पडला होता. कुणी सरांना चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. प्राचार्य ड्रायव्हरला हाक मारून निघून गेल्या. सर मैदानात गेले ते कुणाकडे जायचं हे न ठरवता गेले. मुनी खांबाला हात लावून उभा होता. पावलं ऐकून त्याने मान वर केली.

"सर?"

"हं."

"तुम्ही हाक मारलीत. काय सांगायचं होतं?"

सरांना काही सांगायचं नव्हतं. डावं, उजवं, काहीच नाही. त्यांना फक्त भीती वाटली होती, आणि भीती वाटल्यावर माणूस ज्याच्यासाठी वाटते त्याचं नाव घेतो.

"काही नाही रे," ते म्हणाले.

मुनीने मान हलवली. बरं म्हणाला. मग सवयीने त्याचा हात पुढे आला आणि समोरचा खांदा शोधायला लागला. वकील अजून उठला नव्हता. सर वळले आणि त्या हाताखाली जाऊन उभे राहिले. हात पडला, शर्टाच्या कॉलरला लागला, शिट्टीच्या दोरीला लागला आणि क्षणभर थबकला. काढून घेतला नाही. मागे एकेक पोर येऊन जोडलं गेलं, सगळ्यांत शेवटी डोळे पुसत वकील.

सर चालायला लागले. बाकांमधून, रोलरला वळसा घालून, त्यांनी आयुष्यात टाकली नसतील इतकी लहान पावलं टाकत. मागच्या हाताचं वजन काहीच नव्हतं, आणि त्यांना ते पेलत नव्हतं. खोलीच्या दाराशी आल्यावर ते थांबले.

"पायरी आहे," सर म्हणाले. भोंग्याचा आवाज त्यांनी इतका बारीक केला की तो एकट्या मुनीपुरता पोचला.

मुनीने पाय वर घेतला आणि मान मागे वळवून म्हणाला, "पायरी आहे." त्याच्या मागच्याने ते त्याच्या मागच्याला सांगितलं, त्याने आणखी मागच्याला. डोळे धड असलेली ती सगळी पोरं खाली न बघता पाय उचलत गेली.